आवाजाचा ठाव

जमाखर्चाचा मेळ बसला नाही, की जुन्या पेढीवरचा जाणता मुनीम लगेच वह्या उपसत बसत नसे. फरकाची रक्कम तो आधी एका कपट्यावर लिही आणि काही वेळ नुसता तिच्याकडे पाहत राही. रक्कम सम असेल तर तिची निमपट करी आणि तेवढ्याच रकमेची एखादी नोंद जमेच्या जागी नावे पडली आहे काय, हे प्रथम पाही. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी आकडे उलटसुलट झाल्याचा संभव अधिक. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले तर ९०० चा फरक पडतो, आणि त्याला नवाने भाग जातो. चूक कोणी केली हा प्रश्न त्याच्या लेखी शेवटचा असे. चूक कोणत्या जातीची आहे आणि ती कोणत्या पानावर असू शकत नाही, हे प्रश्न पहिले.

संगणक आले आणि बेरजा आपोआप जुळू लागल्या, तशी ही विद्या मागे पडली. परंतु ती केवळ वह्यांपुरती नव्हती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबात तिचा उपयोग एका खेळण्यातल्या मोटारीसाठी झाला. त्या मोटारीपायी एका गरिबाच्या मुलाची रोजी जाता जाता राहिली, म्हणूनच हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

खेळणे हा शब्द त्या वस्तूला तसा अपुराच. दूरनियंत्रकाने चालणारा, मोठ्या चाकांचा, हातभर लांबीचा तो ट्रक बॅटरीवर धावत नाही. त्याच्या पोटात खरेखुरे दोन-स्ट्रोक इंजिन असते. आकारमान अवघे तीन घन सेंटिमीटरच्या आसपास, पण वेगात असताना मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेणारे. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण त्याचे इंधन. त्यात नायट्रोमिथेनचे प्रमाण साधारणपणे १० ते ३० टक्के, आणि त्यावरूनच अशा गाड्यांना ‘नायट्रो’ हे नाव पडले. तेल म्हणून कृत्रिम तेल, आपल्या घरोघरी ठाऊक असलेले एरंडेल किंवा दोहोंचे मिश्रण वापरतात. इंजिनाच्या आत तेलाचा वेगळा साठा नसतो. इंधनाबरोबर जे तेल जाईल तेवढेच आतल्या भागांना वंगण. सव्वाशे-दीडशे मिलिलिटरची टाकी दहा-पंधरा मिनिटांत रिकामी होते.

ठिणगी पाडणारा प्लगही या इंजिनाला नसतो. त्याऐवजी असतो ग्लो प्लग. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी तो १९४७ मध्ये बाजारात आणला आणि लहान इंजिनांच्या छंदाचे रूपच पालटले. त्यातील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे प्रारंभी छोट्या बॅटरीने लाल करावे लागते. इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरी काढून घेतली तरी चालते. मिथेनॉलच्या वाफेवर प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया होते आणि ज्वलनाच्या उष्णतेसह तीच तारेला तप्त राखते. विमानांच्या प्रतिकृतींसाठी वाढलेली ही इंजिने पुढे मोटारींत आली. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘टी-मॅक्स’ या ट्रकानंतर मोठ्या चाकांचे नायट्रो ट्रक तिकडच्या घरांच्या मागील अंगणांत दिसू लागले.

सांगलीच्या या कुटुंबात असा एक ट्रक टेक्सासहून आला. नोकरीनिमित्त तेथे असलेल्या काकांनी दिवाळीला येताना पुतण्यासाठी तो कोरा, इंधनाचा थेंबही न लागलेला, आणला होता. इंधन विमानातून आणता येत नाही. ते पुण्याच्या दुकानातून मागवावे लागे. पुतण्या सतरा वर्षांचा. दर रविवारी दुपारी, यार्ड शांत असताना, तो गोदामासमोरच्या आवारात ट्रक पळवी. त्याच्या जोडीला असे दुकानातील एक मुलगा. त्याचे वडील त्याच बाजारात वीस वर्षे हमाली करीत होते. मुलगा आयटीआयमध्ये शिकत होता आणि मोकळ्या वेळात दुकानात वजनाच्या पावत्या लिहिणे, नमुन्यांच्या पुड्या बांधणे अशी कामे करी. त्या पगारावर त्याची फी भागत असे.

हळदीचा हंगाम ऐन भरात असतानाच्या एका रविवारी दोन गोष्टी घडल्या. नियंत्रक दुकानातील मुलाच्या हाती असताना ट्रक गोण्यांच्या थप्पीवर जाऊन आदळला. पुढचा बंपर खरचटला. आणि त्याच संध्याकाळी ट्रकातून एक नवा आवाज येऊ लागला. धातूवर धातू किंचाळावा तसा, कानाला टोचणारा.

घरात त्या आवाजाचे निदान तीन मिनिटांत झाले. पुतण्याने परदेशी चित्रफिती पाहिल्या होत्या; त्याच्या मते कनेक्टिंग रॉड गेला, आता नवे इंजिन आणण्यावाचून गत्यंतर नाही. वडिलांना इंजिनातले काही कळत नव्हते, पण किंमत कळत होती. आदळला म्हणून बिघडला, आणि आदळणारा कोण हे सर्वांना ठाऊकच होते. सोमवारी सकाळी तोलाईदार, दोन खरेदीदार आणि चार हमाल उभे असताना त्यांनी मुलाला सांगितले, “उद्यापासून येऊ नकोस. इंजिनाचे पैसे तुझ्या पगारातून कापायचे म्हटले तर वर्ष पुरायचे नाही.” मुलाचा बाप पाठीवरची गोण तशीच तोलून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

घरातील वडीलधारे, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, त्या दिवशी दुकानात नव्हते. वय अठ्ठ्याहत्तर. नायट्रो नावाची काही वस्तू असते हे त्यांना नातवाच्या छंदामुळेच कळलेले. मात्र आयुष्याची पन्नास वर्षे त्यांनी तेरीज जुळविण्यात घालविली होती आणि तरुणपणी कृष्णाकाठच्या मळ्यातले ऑइल इंजिन स्वतः सांभाळले होते. रात्री सारी हकिकत ऐकल्यावर त्यांनी ट्रक पाहायलाही मागितला नाही. नातवाला समोर बसवून त्यांनी एक कोरा कागद पुढे केला.

“आवाज येतो, एवढे लिहून भागायचे नाही,” ते म्हणाले. “कधी येतो ते लिही. आणि कधी येत नाही, ते त्याच्या शेजारी लिही.”

नातवाला हे थोडे बालिश वाटले. त्याने सांगितले, “अण्णा, रॉडच गेलाय. दुसरे काय असणार?”

“असेल. पण हा मेळ चुकला असे म्हणणे झाले. कोणत्या पानावर चुकला, ते सांग.”

कोणत्याही यंत्राच्या आवाजाचा ठाव घेताना हीच पहिली पायरी होय. यंत्राचे सगळेच आवाज दुखण्याचे नसतात. नवे ग्लो इंजिन थंड असताना हाताने फिरवले तर पिस्टन वरच्या टोकाशी अडखळतो आणि चिरकतो. अननुभवी माणूस घाबरतो. वास्तविक ते इंजिन चांगले असल्याचे लक्षण असते. पितळी, क्रोमचा मुलामा दिलेली स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती ठेवलेली असते. इंजिन तापले की स्लीव्ह पिस्टनपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि मग दोहोंमधील अंतर योग्य तेवढे होते. थंडीतली ती घट्ट मिठी नाहीशी झाली, तर उलट इंजिन झिजल्याचे समजावे.

काही आवाज इंधनाच्या मिश्रणाचे असतात. कार्बोरेटरच्या सुईतून इंधन जास्त सुटले तर इंजिन घशात पाणी अडल्यासारखे गुरगुरते, धूर भरपूर सोडते आणि वेग घेताना अडखळते. इंधन कमी पडले तर सूर पातळ आणि तीक्ष्ण होतो, धुराची रेघ दिसेनाशी होते आणि इंजिन तापते. ही दुसरी अवस्था अधिक घातक. कारण इंधन कमी म्हणजे वंगणही कमी. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहण्याची जुनी रीत आहे. थेंब तीन-चार सेकंद चुरचुरत आटला तर बहुधा ठीक. पडताक्षणी उडून गेला तर इंजिन ताबडतोब थांबवावे. वेग कमी केल्यावरही इंजिन वरच्या सुरातच रेंगाळत राहिले, तर कोठून तरी बाहेरची हवा आत शिरत असण्याचा संशय घ्यावा.

गिअरांचे आवाज निराळे. क्लचचे लहान दातेरी चाक आणि त्याच्याशी जुळणारे मोठे चाक फार घट्ट बसले तर सतत कण्हल्यासारखा आवाज येतो; फार सैल बसले तर कडकड ऐकू येते आणि प्लॅस्टिकचे दात निघून जातात. दोहोंच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून चाके जुळवावीत आणि मग पट्टी काढून घ्यावी, हा या छंदातला सर्वमान्य उपाय आहे. जोर लागला की टकटक करणारा, हलके चालवताना गप्प राहणारा आवाज बहुधा डिफरन्शियलमधील दात निसटल्याचा असतो. आणि नातवाला ज्याची भीती होती तो कनेक्टिंग रॉड सैल झाला, तर ठकठक ऐकू येते. भार वाढला की तीही वाढते. पिस्टन वरच्या टोकाशी आणून फ्लायव्हील अगदी हलके मागेपुढे करावे. पिस्टन हलण्याआधीच हाताला झोल जाणवला, तर ते इंजिन पुन्हा सुरू करू नये. तुटलेला रॉड आतले सारे घेऊन जातो.

नातवाला यातले बरेचसे ठाऊक होते. परंतु माहिती असणे निराळे आणि ती योग्य क्रमाने वापरणे निराळे. अण्णांना यातले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून त्यांचे प्रश्न सरळ होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे मागच्या अंगणात ट्रक घेऊन बसले. उघड्यावरच बसले, कारण या इंधनाची वाफ व धूर बंद खोलीत चांगले नव्हेत; आणि मिथेनॉल विषारी तर आहेच, पण पेटले तर उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना धड दिसतही नाही.

पहिली पाहणी इंजिन बंद ठेवून झाली. ट्रक फरशीवर हाताने पुढेमागे ढकलला. चाके फिरली, गिअर फिरले, आणि आतून बारीक खरखर ऐकू आली. नातू म्हणाला, “म्हणजे दोष गिअरांकडे आहे.” अण्णांनी तसे लिहू दिले नाही, “ढकलल्यावर खरखर” एवढेच लिहायला लावले.

दुसरी पाहणी इंजिन सुरू करून, ट्रक जागीच उभा ठेवून झाली. इंजिन मंद गतीने फिरत होते, चाके स्थिर होती. तीच टोचणारी किंकाळी स्पष्ट ऐकू आली. “म्हणजे इंजिनच,” नातू म्हणाला. कागदावर लिहिले गेले : “उभा असताना किंकाळी.”

तिसऱ्या पाहणीत ट्रक अंगणभर पळवला. किंकाळी गेली. इंजिनाचा नेहमीचा चढा सूर तेवढा उरला.

आता कागदावरचा हिशेब विचित्र झाला होता. दोष गिअरांत असावा, तर पळताना गिअर सर्वाधिक वेगाने फिरत होते, आणि तरी आवाज नव्हता. दोष इंजिनात असावा, तर पळताना इंजिनही सर्वाधिक वेगात होते, आणि तरी आवाज नव्हता. नातवाने योग्य शंका काढली, की मोठ्या आवाजात लहान आवाज बुडाला असेल. अण्णांनी ती खोडून काढली नाही. “मग बुडताना ऐक,” ते म्हणाले. “एकदम पळवू नकोस. सावकाश उचल.”

नातवाने ट्रक अत्यंत हळू उचलला. त्या एक-दोन सेकंदांत दोघांनीही ते ऐकले. इंजिनाचा सूर वर चढत होता आणि किंकाळीचा सूर मात्र खाली उतरत उतरत थांबला. तो आवाज बुडाला नव्हता. त्याची गतीच शून्यावर आली होती.

अण्णांनी विचारले, “असा कोणता भाग आहे, की एक बाजू फिरते आणि दुसरी उभी असते तेव्हाच ज्याला काम पडते? दोघे बरोबर फिरू लागले की ज्याला काम उरत नाही?”

नातवाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील असते. त्याला क्लचचे तुकडे जोडलेले असतात. वेग वाढला की ते तुकडे केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या धातूच्या वाटीला आतून पकडतात. मग ती वाटी फिरते आणि गिअरांना फिरवते. वाटी स्वतः दांड्यावर दोन इवल्या बेअरिंगांच्या आधाराने बसलेली असते. ट्रक उभा असताना दांडा फिरतो, वाटी स्थिर, बेअरिंग फिरतात. इंजिन बंद ठेवून ट्रक ढकलला तर वाटी फिरते, दांडा स्थिर. तेव्हाही बेअरिंग फिरतात. आणि ट्रक वेगात असताना दांडा व वाटी एकजीव होऊन फिरतात; त्या वेळी बेअरिंगांना एकमेकांविरुद्ध फिरण्याचे कारणच उरत नाही. तिन्ही नोंदींचा मेळ बसणारी जागा साऱ्या ट्रकात तेवढी एकच होती. दोष इंजिनाच्या पानावरही नव्हता आणि गिअरांच्या पानावरही नव्हता; दोघांच्या गतीत जो फरक पडत होता, त्या फरकाच्या जागी तो होता.

क्लचची वाटी काढायला दहा मिनिटे लागली. अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान अशी ती दोन बेअरिंगे नातवाने तळहातावर घेतली. एक अडखळत फिरत होते. दुसरे जवळजवळ फिरतच नव्हते. त्यांच्या कडांना चिकटलेला मळ काळा नव्हता. तो पिवळा होता.

हळद. गोदामात पॉलिश केलेल्या हळदीच्या गोण्या हलत होत्या, आवारात जमिनीवर तिची बारीक धूळ पसरलेली होती, आणि हंगामात गेले चार रविवार नातवाने ट्रक तेथेच पळवला होता. हवेच्या फिल्टरचा स्पंजही उघडल्यावर पिवळा निघाला. इंजिनाच्या आतल्या भागांना इंधनातले तेल मिळते. क्लचच्या बेअरिंगांना ते मिळत नाही. त्यांना त्यांच्यातले मूळचे वंगण पुरवून पुरवून वापरावे लागते, क्लचच्या उष्णतेने तेही सुकते, आणि त्यात धूळ शिरली की ती वाळूसारखी घासते. थप्पीवर ट्रक आदळला नसता, तरी त्याच संध्याकाळी किंवा पुढच्या रविवारी हा आवाज आलाच असता. नव्या बेअरिंगांचा खर्च काही शे रुपयांत आटोपणार होता.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, जो खरे तर सोमवारीच कोणीतरी विचारायला हवा होता. “हा आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला?”

नातू थोडा वेळ गप्प राहिला. दुकानातल्या मुलानेच तो ऐकला होता. आदळण्याच्याही आधी, दुपारीच, ट्रक उचलून टाकी भरायला आणताना तो म्हणाला होता, “दादा, गाडी हुबी असली की वराडतीया, आन् पळाय लागली की गप हुतीया. काय तरी हाय बगा.” निदानासाठी लागणारे सारे त्या एका वाक्यात होते. ते ऐकलेही गेले होते. ते मोजले मात्र गेले नव्हते.

हे वडिलांच्या कानी गेले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट मनाचे गृहस्थ नव्हेत. बाजारात त्यांचा शब्द चालतो, तो त्यांच्या तडकाफडकी निर्णयांमुळेच. भाव ठरवताना क्षणभर रेंगाळणारा माणूस अडतीत टिकत नाही. परंतु भावाचा निर्णय आणि दोषाचा निर्णय यांची जात एक नव्हे. भाव चुकला तर नुकसान आपले होते आणि दुसऱ्या सौद्यात ते भरूनही निघते. दोष चुकीच्या माणसाच्या नावे पडला तर नुकसान त्याचे होते. आपल्या वहीत ते दिसतही नाही. येथे तर दोन घटना एका दिवशी घडल्या होत्या एवढाच पुरावा होता. एकापाठोपाठ एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, असा निष्कर्ष निघाला. आणि ज्याच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नव्हते त्याच्यावर तो जाऊन बसला.

“उद्या माणूस पाठवून त्याला बोलावून घेतो,” वडील म्हणाले. “पगार कापायचा प्रश्नच नाही.”

अण्णांनी मान हलवली. “वहीत नोंद चुकली तर खोडतोस काय रे? खाडाखोड केलेली वही कोणी मानत नाही. चुकलेली नोंद तशीच ठेवायची, आणि त्याच वहीत तारीख घालून उलट नोंद करायची. माणूस पाठवणे ही खाडाखोड झाली.”

“म्हणजे काय करू, अण्णा?”

“जिथे बोललास तिथे बोल. जे उभे होते ते उभे असताना.”

व्यापारी माणसाला हे सोपे नसते. बाजारात मालकाने हमालासमोर आपला शब्द मागे घेणे, म्हणजे उद्या सौद्यातही याचा शब्द मागे येईल असे कोणी मनात आणणे. वडिलांना त्या रात्री हाच विचार पुन्हा पुन्हा येत होता. त्यांनी पत्नीजवळ तो बोलूनही दाखवला. ती एवढेच म्हणाली, की त्या पोराची फी भरायची मुदत याच महिन्यात आहे.

बुधवारी सकाळी सौदे सुरू होण्याआधी तोलाईदार काट्यापाशी होता, हमाल गाडीतून माल उतरवत होते. दोन खरेदीदारांपैकी एकच आला होता. वडील दुसऱ्याची वाट पाहत थांबले. तो आल्यावर त्यांनी हमालाला नावाने हाक मारली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की सोमवारी ते जे बोलले ते चूक होते. ट्रकात बिघाड झाला तो गोदामाच्या धुळीने, त्यांच्याच घरच्या मुलाने तो तेथे चालवल्याने. तुमच्या मुलाने तर तो आधीच सांगितला होता. एवढे बोलून ते थांबले. आणखी काही शब्द मनात असावेत, पण ते आले नाहीत. हमालाने खांद्यावरच्या फडक्याने मानेचा घाम पुसला आणि तो पुढची गोण उचलायला वळला. त्या दिवसाचे सौदे नेहमीच्या वेळी झाले आणि नेहमीच्याच भावात झाले. मुलगा दहा वाजता पावत्या लिहायला येऊन बसला.

नवी बेअरिंगे पुण्याहून यायला आठवडा लागला. ती बसवताना पुतण्याने वाटी धरली आणि दुकानातील मुलाने क्लिप बसवली. आयटीआयमध्ये हात तयार झालेला असल्याने त्याला ते सहज जमले. बेअरिंगांत तेलाचे एकेकच थेंब सोडायचे असे दोघांनी ठरवले, कारण अधिक झालेले तेल क्लचच्या तुकड्यांवर गेले तर पकड निसटते. गोदामाचे आवार बंद झाले. ट्रक आता शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर जातो. धूळ तेथेही असतेच, म्हणून दर फेरीनंतर वाटी निघते, फिल्टर धुऊन पुन्हा तेलात भिजवला जातो, आणि दिवस संपताना टाकीत इंधन ठेवले जात नाही. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतल्या बेअरिंगांना गंज चढतो. म्हणून शेवटी इंजिनात खास तेलाचे दोन थेंब सोडून ते हाताने फिरवून ठेवावे लागते. पिस्टनही खालच्या टोकाशी आणून ठेवावा लागतो, म्हणजे थंड होताना तो स्लीव्हच्या निमुळत्या भागात अडकून पडत नाही.

अण्णांचा तो कागद आता एका वहीत चिकटवलेला आहे. वहीत दोन रकाने आहेत : आवाज कधी येतो आणि कधी येत नाही. चालवणारा कोण होता, हा तिसरा रकाना पुतण्याने आखला होता. अण्णांनी तो ठेवू दिला, मात्र भरायचा तो शेवटी, पहिले दोन पुरे झाल्यावर. आजवर वहीत नऊ नोंदी झाल्या आहेत. एक सैल झालेल्या स्क्रूची, एक निघालेल्या दाताची, एक सायलेन्सरच्या जोडातून फुटणाऱ्या धुराची, आणि अशाच बारीकसारीक. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच राहिला आहे. दोषाची जागा सापडल्यावर माणसाचे नाव लिहिण्याची गरज फारशी पडली नाही.